राब तेवढा राहिलाय

आई गेल्यावर आमच्या घरात धूर ओळखणारं कुणी उरलं नाही.

ऐकायला विचित्र वाटेल, पण डोंबिवलीच्या आमच्या घरात ते रोजचं एक काम होतं. बाबांच्या फुप्फुसांचं दुखणं जुनं. सकाळी उठली की आई गॅलरीत जायची, केस बांधता बांधता एकदा नाक वर करायची आणि आत येऊन निकाल द्यायची. ‘आज जा फिरायला.’ किंवा, ‘आज नको, कुठंतरी पाला जळतोय.’ कधी टायर असायचा, कधी प्लॅस्टिक, कधी कारखान्यांकडून येणारा तो आंबूस वास, ज्याला आमच्या भागात कुणी वास म्हणत नाही, ‘हवा’ म्हणतात. बाबा कुरकुरायचे, पण बूट काढून ठेवायचे.

ती भाद्रपदात गेली. हृदय बंद पडलं, तयारीला वेळच मिळाला नाही. त्यानंतरच्या थंडीत बाबांना दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी आणताना डॉक्टर मला म्हणाले, “धुरापासून जपा, बाकी औषधं करतील.” दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीत उभी राहिले, आईसारखं नाक वर केलं. मला नुसती थंडी कळली.

मी ठाण्याला, कोपरीतल्या एका वाचनालयात काम करते. नाकाला कळत नाही ते कुठंतरी वाचायला मिळेल, ही माझी जुनी समजूत. शोधता शोधता उपग्रहांची रोजची चित्रं दाखवणारं एक संकेतस्थळ सापडलं. पृथ्वी वरून दिसते तशी. आज, काल, दहा वर्षांपूर्वी, हवी ती तारीख टाका. त्यावर उष्ण जागांचे लाल ठिपके चढवता येतात. शेजारी वाऱ्याचे बाण दाखवणारं दुसरं पान उघडायचं आणि दोन्ही ताडून पाहायची.

आधी मला ढग आणि धूर यातला फरकही कळत नव्हता. मग हळूहळू डोळा बसला. ढगाला काठ असतो, सावली असते. धूर फिका, राखाडी-निळा. त्याच्याखालची नदी दिसत राहते, फक्त धुतलेल्या शाईसारखी. लाल ठिपका म्हणजे धूर नव्हे, हे समजायलाही वेळ गेला. ठिपके पंजाबात असायचे आणि त्यांचा धूर हिमालयाच्या पायथ्यापायथ्यानं पार बिहारपर्यंत गेलेला असायचा. क्वचित एखाद्या दिवशी त्याची शेपटी राजस्थान, गुजरातवरून समुद्रात उतरायची, आणि मी वाचनालयाच्या टेबलाशी बसून ती आमच्याकडे वळते का हे पाहत राहायची. उपग्रह दिवसा आमच्यावरून जातात ते उन्हं वर आल्यावर एकदा आणि जेवणवेळेच्या सुमारास एकदा. चित्र काही तासांनी, पट्ट्यापट्ट्यांनी येतं. कधी नेमकी कल्याण-डोंबिवलीवर काळी फट पडायची, दोन फेऱ्यांमधली न टिपलेली जागा. त्या दिवशी माझं कशात लक्ष लागायचं नाही. वाचक पुस्तक पुढं करून उभे असायचे आणि मी पान पुन्हा पुन्हा ताजं करत असायची.

आई गेली त्या तारखेचं चित्रही मी काढून पाहिलं. काय दिसणार होतं कोण जाणे. भाद्रपदातले ढग, ठाण्यापासून घाटापर्यंत सगळं पांढरं.

सोसायटीत ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. तळमजल्यावरच्या काकांनी माझं नाव ‘हवामान खातं’ ठेवलं. सकाळी फाटकाशी पेपर घेऊन उभे असायचे.

“काय हवामान खातं, आज पंजाब की पाकिस्तान?”

“आज कुणीच नाही काका. वारा पूर्वेकडून आहे.”

“मग हा वास कसला येतोय?”

“तुमच्या मागं कचरा पेटलाय.”

ते मागं वळून पाहायचे. खरंच पेटलेला असायचा. सफाईवाली बाई वाळका पाला आणि दुधाच्या पिशव्या भिंतीशी गोळा करून काडी लावायची. हे सांगायला उपग्रह लागत नव्हता, पण तेवढा धूर निदान माझ्या डोळ्यांना दिसत तरी होता. मला भीती होती ती न दिसणाऱ्याची.

बाबांना माझा हा उद्योग आधी हास्यास्पद वाटला. ते एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर वरून दिसणारे नकाशे काढले. म्हणायचे, “प्लॅन बघून घराला ओल आहे का ते कळतं होय?” पण पुढं पुढं तेही चहाच्या वेळी विचारायला लागले, “काय म्हणतंय वरचं?” मी ‘ठीक’ म्हटलं की बूट घालायचे. नाही म्हटलं की खिडकीशी बसायचे. त्यांचं बसणं मला पाहवायचं नाही. एके काळी वेगानं चालणारा माणूस बोटांनी खिडकीच्या गजावर ताल धरून बसायचा, आणि आतल्या खोलीत मला त्यांचा श्वास ऐकू यायचा.

अशात आईचा नवस निघाला.

बाबा एकदा अतिदक्षता विभागात होते तेव्हा आईनं तिच्या माहेरच्या गावदेवीला नवस बोलला होता: माणूस श्वास घेत घरी येऊ दे, त्याला तुझ्या पायरीशी आणून तुझी ओटी भरीन. माणूस आला. मग या ना त्या कारणानं जाणं लांबत गेलं आणि ती स्वतःच गेली. वर्ष होईपर्यंत काही करायचं नव्हतं. वर्ष झालं, मग थंडी आली आणि डॉक्टर नाही म्हणाले. चैत्र लागला तसे बाबा हट्टाला पेटले.

“तुमचा देवावर विश्वास कधीपासून?” मी विचारलं.

“माझा नाहीच. तिला माहीत होतं ते. तरी तिनं माझ्या वतीनं शब्द दिला ना? आता तो खाली पाडू?”

“मामी भरतील की ओटी तुमच्या नावानं.”

“पायरीशी आणून, असं म्हणाली होती ती. मामी काय मला कुरियरनं मागवणार?”

आईचं माहेर मुरबाडच्या पुढं, डोंगराच्या कुशीतलं. डोंबिवलीहून काही फार लांब नाही, पण आमचं जाणं-येणं कमीच राहिलं. बाबांचं घर देशावरचं, शुद्ध बोलण्याचा अभिमान असलेलं. आई लग्न होऊन आली आणि वर्षभरात आमच्यासारखी बोलायला लागली, असं आजी कौतुकानं सांगायची. माहेराहून कुणी आलं की तिचा आवाज थोडा सैल व्हायचा, एवढंच.

मी अट घातली. आठवडाभर त्या भागावरची चित्रं पाहणार. धूर नसेल त्याच दिवशी निघायचं. बाबा ‘बरं’ म्हणाले, जरा चटकनच म्हणाले.

मग मी मुरबाडवर डोळा ठेवला. घाटाच्या कडेनं वणव्यांचे ठिपके उमटत, विझत होते. त्यांचा धूर वाऱ्यानं कुठं जातो ते मी पाहत होते. गावाच्या आजूबाजूला मात्र काही नव्हतं. तपकिरी शेतं, हिरवट डोंगर, स्वच्छ. तरी खात्री करावी म्हणून मामींना फोन लावला, बाबांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर.

“मामी, तिकडं हल्ली काही जाळतात का? शेतातला पेंढा वगैरे?”

“पेंढा?” मामी केवढ्यानं तरी ओरडल्या. “पेंढा कोण जाळतो गं बाय? गुरांनी काय खायचं, पेपर? पेंढा जाळला तर माझा सासरा वरून उठून येईल काठी घेऊन.”

“मग यायला हरकत नाही ना?”

“या की. कधीबी या. सगळं उरकलंय आमचं. राब तेवढा राहिलाय, तो काय, चालायचाच.”

बाबा पुढं झुकून म्हणाले, “राबायचं कुणाला चुकलंय, वहिनी!”

पलीकडून मामी खूप वेळ हसत राहिल्या. मलाही हसू आलं. मी मराठी घेऊन एम.ए. केलंय, राबणं, राबता, घरी-दारी राबणाऱ्या बाया, हे सगळं माझ्या ओळखीचं. कामं उरकलीत, थोडे कष्ट राहिलेत, असं म्हणाल्या मामी. किती छान बोलतात, असंही मनात आलं. आदल्या दिवशीचं चित्र कोरं करकरीत होतं. आम्ही गाडी ठरवली आणि उन्हाच्या आत पोहोचावं म्हणून सकाळी लवकर निघालो.

कल्याण सोडून शहाडच्या पुलावरून पुढं आलो तसे बाबा सरळ बसले. म्हारळ, मग रायत्याचा पूल, खाली उल्हास नदी. ते मला पाट्या वाचून दाखवत होते, जशा मला येतच नाहीत. बऱ्याच दिवसांत त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. मी मात्र हातात फोन धरून वाऱ्याचे बाण बघत होते. वारा जवळपास नव्हताच.

मुरबाडच्या पुढं गावाच्या रस्त्याला वळलो आणि मला तो दिसला. निळसर, माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीचा, शेतांवर पसरून पडलेला. हलत नव्हता. इकडं-तिकडं काळ्या-करड्या चौकोनी वाफ्यांतून बारीक धारा उठत होत्या आणि वर न जाता आडव्या होत होत्या. ज्वाळा कुठंच नाहीत. नुसतं धुमसणं.

“गाडी थांबवा,” मी चालवणाऱ्याला म्हटलं. “काचा वर घ्या. फिरवा गाडी.”

“थांब जरा,” बाबा म्हणाले.

“बाबा, हा धूर आहे!”

“दिसतोय मला.”

तेवढ्यात बांधावरून मामी येताना दिसल्या, तोंडावर पदर, हातात लांब काठी, पाय राखेनं पांढरे. त्यांनी काचेवर टकटक केलं. मी बोटभर काच खाली घेतली.

“उतरा की. आत काय बसलाय, नवरा-नवरीवानी?”

“मामी, अहो हे काय पेटवलंय तुम्ही?”

“राब गं बाय.”

“राब म्हणजे?”

“राब म्हणजे राब! भाताची रोपं जिथं टाकायची ती जागा भाजून घ्यायची. शेण, पाला, डहाळ्या, वर माती. वारा पडलेला असला की सकाळचं पेटवायचं, हळूहळू भाजतं. सांगितलं नव्हतं का मी फोनवर? राब तेवढा राहिलाय म्हणून?” मग त्या बाबांकडं पाहून हसल्या. “दाजी तर मस्करी करत होते माझी.”

मी बाबांकडं वळले. ते समोरच्या काचेतून बाहेर बघत होते, एखादी पाटी वाचावी तसं.

मामींनी चालवणाऱ्याला चहाला नेलं. “उन्हं चढली की उठतो धूर,” त्या जाता जाता म्हणाल्या. “तवर बसा काचा लावून. देवी काय कुठं पळत नाय.”

आम्ही दोघं गाडीत राहिलो. मी त्यांच्या तोंडाला मास्क लावला, औषधाचा पंप मांडीवर काढून ठेवला. फोनवर कालचं चित्र अजून तसंच उघडं होतं, स्वच्छ. आजचा उपग्रह अजून यायचा होता. आणि तो येईल तोवर हे सगळं उठून गेलेलं असणार होतं. धुमसणारी शेणमाती त्याला उष्ण वाटण्याइतकी उष्ण नव्हती, आणि त्याच्या एका ठिपक्यात अशी कितीतरी शेतं मावत होती. आठवडाभर मी जे कोरं म्हणून पाहत होते ते रोज सकाळी असंच भरलेलं होतं.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हटलं.

“हो.”

“राब म्हणजे काय ते.”

“हो. माहीत होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू आणलं नसतंस.”

खरंच नसतं आणलं. काचेबाहेर धूर गाडीच्या नाकापर्यंत आला आणि थांबला. बाबा मास्कमधून हळूहळू बोलले, मध्ये मध्ये दम घेत.

“लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिनं विचारलं होतं. स्वयंपाकघरात, सगळ्यांसमोर. तुमच्याकडं राब कधी भाजतात? हसले सगळे. राब भाजतात आणि कशाशी खातात, असं कुणीतरी म्हणालं. पुन्हा तो शब्द तिच्या तोंडून नाही आला. मला एकट्याला सांगितलं होतं तिनं, नंतर. पाला कसा आणतात, माती कशी पसरतात. राबाच्या दिवसांत घरात सगळ्यांच्या केसांना तोच वास येतो, म्हणाली.”

मी आईचं बोलणं आठवून पाहिलं. ‘कुठंतरी पाला जळतोय.’ इतकी वर्षं ती एवढंच म्हणत आली होती. कल्याणच्या पलीकडून, सकाळच्या जमिनीवरच्या वाऱ्याबरोबर, चैत्रात येणारा तो धूर तिनं पहिल्याच श्वासाला ओळखला असणार. ओळखून, आत येऊन, आमच्या भाषेत सांगितला असणार. आणि मी तिची मुलगी, शब्दांचं शिक्षण घेतलेली, फोनवर तिच्या गावचा शब्द ऐकून भलत्याच अर्थानं खूश झाले होते.

“मला का नाही सांगितलं तिनं?” मी विचारलं.

“तू विचारलं होतंस कधी, माहेरी काय काय जाळायचात म्हणून?” बाबा म्हणाले, आणि हसायला गेले, आणि खोकला आला. तो थांबेपर्यंत मी त्यांची पाठ धरून बसले. आतून पत्रा हलावा तशी ती हलत होती. मला वाटलं, आता फिरावं. चालवणाऱ्याला हाक मारावी, जे व्हायचं ते होवो, शब्द खाली पडो. मी दाराला हात घातला.

“उठला बघ,” बाबा म्हणाले.

खरंच, शेतांवरची चादर विस्कटायला लागली होती. ऊन तापलं तशा धारा सरळ होऊन वर निघाल्या, आणि बांध, मग झाडांची खोडं, मग पलीकडचं देऊळ दिसायला लागलं. बाबांनी स्वतःच दार उघडलं.

देऊळ म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि शेंदूर लावलेली शिळा. बाबा माझ्या खांद्यावर भार टाकून चालले, मध्ये मध्ये थांबत. एकदा थांबले ते इतका वेळ की मामी पुढं गेलेल्या मागं आल्या. पायरीशी पोहोचल्यावर त्यांनी खांब धरला आणि मास्क खाली ओढला.

“वर घ्या तो,” मी म्हटलं.

“देवीला तोंड दिसायला नको? तिला काय कळणार कोण आलाय.”

मामींनी खण, नारळ आणि तांदूळ माझ्या ओंजळीत दिले. मी म्हटलं, तुम्ही भरा, तुमचा मान. त्या म्हणाल्या, “वन्संचा नवस, वन्संची लेक. भर.” मी भरली. काही म्हणायचं असतं का ते मला माहीत नव्हतं. मामी म्हणाल्या, “म्हण, आणलाय.” मी म्हटलं, “आणलाय.”

बाबांनी हात जोडले नाहीत. खांबाला धरून नुसते उभे राहिले. त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता आणि त्या छपराखाली दुसरा आवाज नव्हता. मग ते पायरीवर बसले. मी पंप दिला. एकदा, जरा थांबून पुन्हा. मामी शेजारी बसून पदरानं वारा घालत होत्या. ओठांचा निळा रंग जायला वेळ लागला. तेवढा वेळ मी काय काय ठरवलं ते आता सांगत नाही. शेवटी ते म्हणाले, “वहिनी, जेवायला काय आहे?”

“वालाचं बिरडं. तुमच्यात चालतं ना?”

“माझ्यात आता काहीही चालतं.”

मामींच्या ओट्यावर ते पोटभर जेवले. घरी चतकोर भाकरीवर उठणारा माणूस दुसऱ्यांदा भात मागत होता. जेवण झाल्यावर म्हणाले, संध्याकाळपर्यंत राहू, हवा चांगली आहे. मामींनी मान हलवली.

“आत्ता निघा. दुपारून वारा फिरतो. मग तुमचा येतो इकडं.”

“आमचा काय?” मी विचारलं.

“धूर की. सकाळी आमचा तुमच्याकडं, दुपारून तुमचा आमच्याकडं. कधी कधी तर डोळं चुरचुरतात. तुम्ही काय जाळता तिकडं ते देवच जाणे. पाला तरी नसतो.”

बाणांच्या त्या पानावर मी रोज पाहत होते की दुपारी बाण समुद्राकडून घाटाकडं वळतात. आमच्याकडून ते पुढं कुठं जातात हे पाहायला नकाशा कधी सरकवला नव्हता.

परतताना गोवेलीच्या आसपास त्या दिवसाचं चित्र आलं. मी मोठं करून पाहिलं. तपकिरी शेतं, हिरवट डोंगर, एकही ठिपका नाही. देवळाच्या पायरीवर बाबा पंप ओढत बसले होते त्याच सुमाराला ते टिपलेलं असणार. मी फोन त्यांच्यापुढं धरला.

त्यांनी चष्मा वर करून निरखून पाहिलं. “छान आलाय फोटो,” म्हणाले.

मला हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. रायत्याचा पूल आला तसे नदीकडं बघायला लागले. पूल सरल्यावर म्हणाले, “पुढच्या वर्षी राब कधी आहे ते वहिनींना आधीच विचारून ठेव.”

“कशाला? तेव्हा यायचं नाही म्हणून?”

त्यांनी काचेवर बोटांनी ताल धरला. मग म्हणाले, “काच जरा खाली घे.”

“नाही, बाबा.”

“थोडी घे गं. इथं काही नाहीये अजून.”

मी बाहेर पाहिलं. रस्त्याकडेची झाडं हलायला लागली होती, पानं घाटाच्या दिशेनं. मी दोन बोटं काच खाली घेतली. ते मास्क हनुवटीवर ओढून त्या फटीशी तोंड नेऊन बसले, आणि शहाडचा पूल दिसेपर्यंत मी ती वर घेतली नाही.